डाव्या मागच्या दाराची मूठ

गाडी सापडली तेव्हा तिच्या पोटातून कडुनिंब उगवला होता.
दिग्रसच्या बंद जिनिंगमागे, सरकीच्या जुन्या ढिगाशी,
चौपन्न सालची डुक्कर फियाट,
नाक खाली घालून माती हुंगत असल्यासारखी.
एस.टी. डेपोतून सुटताना मिळालेल्या पैशातले
बावीस हजार मी तिथंच मोजले
आणि बायकोशी चार दिवस बोललो नाही.
म्हणजे, ती बोलली नाही.

इंजिनाचं मला भय नव्हतं.
इंजिन खोकतं, रुसतं, धूर सोडतं, शेवटी ऐकतं.
घोडं अडलं किरकोळीत:
वायपरचा एक दांडा,
मागच्या दिव्याची लाल काच,
डाव्या मागच्या दाराची मूठ.

दिल्लीहून मूठ मागवली. डबीवर छापलेलं, अगदी ओरिजिनल.
चमक अशी की तिच्यात पाहून भांग पाडावा.
पण आटे जुळेनात.
अर्धा फेरा आत जायची आणि थांबायची,
उंबऱ्यात अडलेल्या नव्या जावयासारखी.
हबीब खरादवाला म्हणाला, नवे आटे पाडून देतो,
कोणाले दिसते?
मी म्हणालो, मले.

मग दोन उन्हाळे हिंडलो.
बडनेऱ्याचं भंगार, पुसदचं भंगार.
कारंज्याजवळ एका गोठ्यात तसलंच बॉनेट निघालं,
उलटं टाकून त्याची गव्हाण केलेली,
गोऱ्हा त्यात तोंड घालून कुटार खात होता.
तिवस्यात आरसा होता, न्हाव्याच्या भिंतीवर,
तो म्हणाला, गिऱ्हाइकाले सवय झाली, नाही देत.
कमानीच्या पाट्यांचे तर कधीच विळे झालेले.
ज्वारीच्या धांड्यावर चालणाऱ्या विळ्याला
कोणत्या तोंडानं म्हणावं,
बाबा, तू माझ्या गाडीचा?

मूठ होती सावंग्याला.
देवकाबाई नारनवरेच्या पिठाच्या गिरणीला, दाराला.
मी दळण घेऊन आलेल्या बायांमागं उभा राहिलो
आणि हात न लावताच ओळखली.
आतल्या बाजूचा नंबर नंतर पाहिला, नुसता रिवाज म्हणून.
क्रोम झिजून खालचं तांबं वर आलेलं,
त्यावर पिठाचा हात, रोजचा.

तिचा नवरा जिनिंगच्या शेठचा ड्रायव्हर होता.
"तीन महिन्याचा पगार बुडाला अन् फाटकाले कुलूप लागलं.
रातच्याले गेला, एवढी काढून आणली.
म्हणे, हे दार म्या रोज उघडलं त्याच्यासाठी.
मूठ माही."

मी पैसे काढले. तिनं पाहिलेही नाहीत.
"घेऊन जा बाप्पा.
पण मले दार उघडाले काही देशीन की नाही?"

दिल्लीची मूठ लावून दिली तिला.
लाकडाचं बरं असतं, लाकूड कोणालाही घेतं.
तिनं दोनदा फिरवून पाहिली.
"गार लागते," म्हणाली.

घरी येऊन आट्याला आटा लावला
आणि बोटही न लावल्यासारखी ती गेली आत,
पूर्ण, शेवटपर्यंत.
मग मी गॅरेजमध्ये बराच वेळ बसून होतो.
बाकीच्या तीन मुठी अजून कोऱ्या, धारदार,
ही एकटी गुळगुळीत.
हबीब म्हणाला, पॉलिश मारू, चारी सारख्या करू.
मी ऐकलं नाही.

पोळ्याच्या आठवड्यात देवकाबाई दारव्ह्याला आली,
बँकेच्या कामानं, पिशवीत पासबुक.
गाडी रस्त्यावर उभी होती.
तिनं रंगाकडे पाहिलं नाही, नव्या सीटकडे पाहिलं नाही.
बोलता बोलता हात गेला तो थेट मुठीवर,
न पाहता,
जसा गिरणीच्या दारावर जात असेल पहाटे.
दार उघडलं. पदर सावरून आत बसली,
शेठ बसायचा तिथं,
आणि पासबुकाची पिशवी मांडीवर घेऊन म्हणाली,
चाल.

मागच्या दिव्याची लाल काच अजून मिळालेली नाही.
अंधार पडायच्या आत घरी यावं लागतं.